गोड्या पाण्यातली गळती

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही, पण होड्या आहेत. पूर्णा नदीवर औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर धरण आहे. त्याच्या वरच्या अंगाला, परभणीच्या जिंतूर तालुक्यात, येलदरी आहे. कळमनुरीकडे यवतमाळच्या हद्दीवर पैनगंगेचं इसापूर आहे. पहिली दोन धरणं १९६८ च्या सुमाराची, इसापूर १९८२ चं. धरणं भरली आणि नदीच्या डोहात जाळं टाकणाऱ्या भोई कुटुंबांपुढे कित्येक गावं पोटात घेणारा जलाशय उभा राहिला. तेवढ्या पाण्यात पोहत किंवा ट्यूबवर बसून मासेमारी भागत नाही. होडी लागते, आणि होडी आली की गळती आलीच.

ज्याला होडी परवडत नाही तो थर्माकोलचे ठोकळे, प्लास्टिकचे कॅन आणि बांबू एकत्र बांधून चप्पू करतो. चप्पूला होडीसारखं उघडं पोट नसतं, त्यामुळे त्यात पाणी शिरून तो बुडत नाही. पण दोऱ्या सुटल्या की विस्कटतो आणि वाऱ्यात उलटतो. होडीचं उलटं आहे. ती तरंगते ती तिच्या पोटातल्या हवेमुळे, आणि त्या हवेची जागा पाणी घेऊ लागलं की तिचं तरंगणं कमी होत जातं. म्हणून गळणारी होडी चालवणाऱ्याला आधी एक गोष्ट कळावी लागते: पाणी नेमकं कुठून येतंय?

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर डोळ्यांना सहसा सापडत नाही. पाणी जिथे शिरतं तिथे थांबत नाही. नाळेजवळच्या, म्हणजे पुढच्या टोकाकडच्या, सांध्यातून आलेला थेंब फळीच्या कडेने सरकतो, होडीच्या बरगडीला अडतो, तिच्या खालच्या फटीतून पलीकडे जातो आणि शेवटी मागच्या बाकाखाली, तळ सगळ्यात खोल असेल तिथे साचतो. मालक तिथली ओल बघतो, तिथेच डांबर फासतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा घेऊन उपसत बसतो. डांबर चांगलंच लागलेलं असतं, फक्त जागा चुकलेली असते.

कोकणातल्या खलाशाकडे अशा वेळी दोन आयती साधनं असतात. एक जीभ. तळातलं पाणी बोटावर घेऊन चाखलं की खारं असल्यास समुद्राचं, गोडं असल्यास पावसाचं किंवा पिण्याच्या टाकीचं. दुसरी ओहोटी. भरतीला होडी खाडीच्या सपाट किनाऱ्यावर आणून ठेवायची, काही तासांत पाणी आपोआप मागे जातं आणि तळ उघडा पडतो. मग फटींतून बाहेर ठिबकणारं पाणी बघायचं. सिद्धेश्वरच्या काठावर दोन्ही नाहीत. पाऊसही गोडा आणि जलाशयही गोडा, चाखून काही कळत नाही. भरती-ओहोटी म्हणाल तर वर्षातून एकदाच: पावसाळ्याअखेर भरलेलं धरण मे महिन्यापर्यंत खाली जातं, आणि होडी काठावरच्या भेगाळलेल्या गाळात बसते. त्यामुळे देशावरच्या माणसाला गळती तर्काने हुडकावी लागते. माझ्या मते ही जास्त अवघड विद्या आहे, आणि तिची नोंद फारशी कुणी घेतलेली नाही.

सुरुवात करायची ती गळती खरंच आहे का, इथपासून. चार मीटर लांबीच्या, मीटरभर रुंदीच्या होडीचा तळ साधारण तीन चौरस मीटर धरू. रात्रीत पन्नास मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या तळावर दीडशे लिटर पाणी पडतं. सकाळी ते बघून कुणालाही वाटेल की होडी फुटली. ओलं जाळं आत ओढलं की त्याच्याबरोबर कित्येक लिटर पाणी येतं, आणि वल्ह्यांवरूनही ठिबकत राहतं. तेव्हा पहिली परीक्षा अशी: होडी पूर्ण उपसायची, फडक्याने कोरडी पुसायची, वर ताडपत्री बांधायची, काठाला बांधून रात्रभर रिकामी ठेवायची. तळाच्या सगळ्यात खोल जागी काठी उभी धरून संध्याकाळी आणि सकाळी पाण्याची खूण करायची. सकाळी काठी कोरडी असेल तर होडी निदान रिकामी असताना तरी गळत नाही. ओली असेल तर किती बोटं पाणी आलं ते कळलं. पुढच्या सगळ्या परीक्षा या आकड्याशी ताडायच्या.

किती पाणी म्हणजे किती मोठं भोक, हेही मोजता येतं. भोक पाण्याच्या पातळीखाली जितकं खोल, तितक्या जोराने पाणी आत येतं. पण जोर खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. खोली चौपट झाली तर वेग दुप्पट होतो. पाण्याखाली तीस सेंटिमीटरवर पाच मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे पेन्सिलीहूनही बारीक भोक असेल, तर तासाला सुमारे शंभर लिटर पाणी आत येतं. त्याच खोलीवर भोक दुप्पट रुंद, म्हणजे एक सेंटिमीटरचं झालं, तर चारशे लिटर. तीन चौरस मीटरच्या तळावर शंभर लिटर म्हणजे तीन सेंटिमीटरहून थोडं जास्त. माणूस डब्याने ते सहज उपसतो आणि गाफील राहतो. खरा धोका पुढे आहे. पाणी साचलं की होडी खाली बसते, भोक आणखी खोल जातं, आणि एरवी कोरड्या राहणाऱ्या वरच्या फटीही पाण्याखाली येतात. शिवाय आतलं पाणी मोकळं असतं. होडी जरा कलली की सगळं त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. तासभर हळूहळू गळणारी होडी शेवटच्या पाच मिनिटांत का बुडते, ते यावरून कळतं.

होडी गळतेय हे ठरलं की तिला प्रश्न विचारायचे, आणि दर वेळी एकच गोष्ट बदलायची. रिकामी असताना कोरडी राहते पण तीन माणसं बसली की पाणी येतं? मग भोक रिकाम्या होडीच्या पाणरेषेच्या वर आणि भरलेल्या होडीच्या पाणरेषेच्या खाली आहे. एवढ्या एका उत्तराने शोध वीतभर रुंदीच्या पट्ट्यावर येतो. उभी असताना कोरडी, वल्हवताना ओली? मग एखादी फळी लवचतेय, किंवा बाक जिथे कडेला बसवलाय तिथला खिळा सैल झालाय. जड पोती एका बाजूला सरकवून होडी मुद्दाम कलवली आणि गळती थांबली? मग भोक वर आलेल्या बाजूला आहे. इंजिन असलेल्या होडीत एक जागा आधीच संशयाची असते: पंख्याचा दांडा तळातून बाहेर जातो तिथली. बऱ्याच होड्यांत दांडा फिरताना तिथून थेंब-थेंब पाणी येणं अपेक्षितच असतं, त्याने दांडा थंड राहतो. पण इंजिन बंद असतानाही धार लागत असेल, तर तिथलं आवरण झिजलंय.

यानंतरची रीत शेतकऱ्याला शिकवावी लागत नाही. चिकणमाती मळून होडीच्या तळावर आडवे छोटे बांध घालायचे, दोन-तीन बोटं उंच. तळाचे चार वाफे झाले. आता कुठला वाफा आधी भरतो ते बघायचं. पाण्याला बरगडीखालून पुढे सरकायला वाट नसल्याने ते जिथे शिरलं तिथेच अडकतं. भरणारा वाफा सापडला की त्याचेच दोन भाग करायचे. शेवटी हातभर जागा उरते. ती फडक्याने कोरडी करायची आणि तिच्यावर खडूची भुकटी, राख किंवा पांढरी रांगोळी पातळ भुरभुरायची. कोरडी भुकटी फिकट दिसते, ओली झालेली गडद. थेंब जिथून येतो तिथे आधी एक गडद ठिपका उमटतो, मग त्याला शेपूट फुटतं. ठिपका नजरेत राहिला पाहिजे, शेपटीच्या मागे जायचं नाही. इथे घाई चालत नाही. पंधरा-वीस मिनिटं मान वाकवून बसावं लागतं, आणि चांगला कारागीर तेवढा वेळ बोलत नाही.

इतकं करूनही जागा मिळाली नाही, तर होडी काठावर ओढून खेळ उलटा मांडायचा: पाणी आत भरायचं आणि बाहेरून बघायचं. सायकलवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघतो, त्यातलंच हे, फक्त हवेच्या जागी पाणी आणि पाण्याच्या जागी हवा. होडीखाली दोन्ही टोकांना आणि मध्ये लाकडाचे ओंडके किंवा जुने टायर ठेवून ती गुडघाभर उंच करायची. बाहेरची बाजू पुसून कोरडी करायची. मग आत थोडं-थोडं पाणी ओतायचं, हवं तर त्यात खाण्याचा रंग मिसळायचा. खाली वाकून, एका हातात बॅटरी धरून, फळीफळीच्या सांध्यावर बोट फिरवत जायचं. जिथे ओल लागेल तिथे लगेच खडूची खूण करायची, कारण थोड्या वेळाने तो थेंब तळाच्या उताराने वाहून भलतीकडे लोंबणार असतो.

यात एक काळजी घ्यायलाच हवी. होडीचा तळ बाहेरून येणारा दाब सोसायला बांधलेला असतो, आतलं वजन हवेत लटकत पेलायला नव्हे. तीन चौरस मीटरच्या तळावर वीस सेंटिमीटर पाणी म्हणजे सहाशे लिटर, म्हणजेच सहाशे किलो. नीट टेकू नसेल तर एवढ्या भाराने धडधाकट सांधेही उघडतात आणि एक भोक शोधताना चार नवी होतात. तीन-चार बोटं पाणी पुरतं. कडेच्या वरच्या फळ्या तपासायच्या असतील तर होडीच त्या बाजूला कलवावी, पाणी वाढवू नये. ज्याला पाणी भरणं जमत नाही त्याने अंधार पडल्यावर आत बल्ब किंवा बॅटरी लावून बाहेरून बघावं. वाळून उघडलेल्या फटींतून उजेडाची रेघ स्पष्ट दिसते.

वाळून उघडलेली फट हे मराठवाड्यातल्या लाकडी होडीचं मुख्य दुखणं. समुद्रातल्या लाकडाला पोखरणारा जीव लागतो. तो शिंपल्याच्या जातीचा, लांबट, अळीसारखा असतो आणि खारं पाणी मागतो. आमच्या जलाशयात तो नाही. आमच्याकडे त्याचं काम ऊन करतं. एप्रिल-मे मध्ये पाणी मागे गेलं की होडी महिनोन् महिने उघड्यावर राहते. लाकूड वाळताना लांबीत जवळपास आकसत नाही, रुंदीत आकसतं. म्हणून फळीची लांबी तेवढीच राहते, पण दोन फळ्यांमधला सांधा उघडतो. जून-जुलैत हीच होडी पाण्यात घातली तर पहिल्या दिवशी चाळणीसारखी गळते, आणि काही दिवसांनी फळ्या फुगून पुष्कळशी आपोआप मिटते. म्हणून जाणते लोक हंगामाआधी होडीत ओली पोती अंथरून ठेवतात किंवा उथळ पाण्यात तिला काही दिवस बुडवून ठेवतात. लाकूड आधी फुगू द्यायचं, मग उरलेली गळती शोधायची. हा क्रम मोडला की सगळी मेहनत वाया.

मे महिन्यात उघडलेली फट सिमेंटने किंवा दगडासारखी कडक होणारी पुट्टी भरून बुजवणं, हे मी होडीचं सगळ्यात मोठं नुकसान मानतो. पावसाळ्यात फळी फुगायला लागते, तिला जागा मिळत नाही, ती शेजारच्या फळीला रेटते आणि खिळे उपटते. त्या खिळ्यांच्या भोकांतून नवी गळती सुरू होते आणि तीच सर्वांत लपलेली असते, कारण वरून खिळ्याचं डोकं शाबूत दिसतं. लोखंडी खिळा लाकडात गंजतो आणि गंजताना भोवतालचं लाकूडही कुजवतो. खिळ्याभोवती काळा डाग दिसला की स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने हलकेच टोचून पाहावं. टोक सहज रुतलं तर ती जागा गेली. फटीत भरायचं ते दाबलं जाईल असं हवं: पिळलेला कापूस आणि त्यावर राळ-तेल किंवा डांबर.

पश्चिम किनाऱ्यावरच्या कारागिरांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. सुरत-मुंबईकडच्या गोद्यांत फळ्या एकमेकींना नुसत्या भिडवत नसत. प्रत्येक फळीच्या कडेला खाच पाडत, एकीची कड दुसरीच्या खाचेत बसवत, आणि मध्ये राळेत भिजवलेल्या कापसाचा थर घालत. पाण्याला सरळ वाट उरत नसे, वळण घेऊन यावं लागे आणि वळणावर कापूस असे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानी लाकडाचं बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरलं आणि इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतंय.

त्याहून जुनी रीत खिळाच न वापरण्याची. नारळाच्या काथ्याने फळ्या शिवायच्या आणि शिवणीत काथ्या व राळ भरायची. अजिंठ्याच्या लेण्यात चितारलेल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून भारतीय नौदलासाठी गोव्यात असंच एक जहाज बांधलं गेलं. केरळच्या कारागिरांनी त्याच्या फळ्या शिवल्या, आणि मे २०२५ मध्ये कारवारला ‘कौंडिण्य’ नावाने ते नौदलात दाखल झालं. समुद्रापासून इतक्या दूर, मराठवाड्यातल्या एका डोंगरात रंगवलेलं चित्र आज जहाज बांधायला उपयोगी पडतं, याचं मला अपार कौतुक वाटतं.

गळती बाहेरून शोधण्याची आणि तात्पुरती बुजवण्याची एक गोष्ट जगभर सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखीच आहे. जून १७७० मध्ये कॅप्टन कुकचं ‘एंडेव्हर’ ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याजवळ प्रवाळावर आदळलं. भोक पाण्याखाली, आत पंप चालू, आणि किनारा दूर. मंकहाउस नावाच्या तरुण अधिकाऱ्याने एक उपाय सुचवला. एका शिडावर लोकर, दोराचे तंतू आणि शेण थापायचं आणि ते शीड दोरांनी जहाजाच्या तळाखालून ओढत न्यायचं. आत शिरणाऱ्या पाण्याच्या ओढीनेच हा लगदा भोकाकडे खेचला जातो आणि तिथे बसतो. उपाय लागू पडला. नंतर नदीच्या मुखाशी जहाज किनाऱ्याला लावून तळ पाहिला, तेव्हा प्रवाळाचा मोठा तुकडा तुटून त्याच भोकात रुतलेला आढळला. फोडणाऱ्यानेच अर्धी फट बुजवून ठेवली होती.

हीच युक्ती लहान होडीतही चालते. होडी पाण्यात असताना बाहेरच्या बाजूला, तळाजवळ लाकडाचा भुसा सोडला तर तो फटीकडे ओढला जातो, तिथे अडकून फुगतो आणि गळती मंदावते. काठावर परत यायला तेवढं पुरतं. होडी वर काढली की भुशाची रेघ फटीची जागाही दाखवते.

पत्र्याच्या होडीत सांध्यांपेक्षा गंज बघावा लागतो. तळावर लाकडी पाट ठेवलेले असतील तर त्यांच्याखाली चिखल आणि पाणी साठून पत्रा आतूनच खातो. हातोडीच्या दांड्याने ठोकत जावं. चांगला पत्रा खणखणतो, पातळ झालेला बद्द वाजतो. फायबरच्या होडीची अडचण निराळी. तिला बऱ्याचदा दुहेरी तळ असतो आणि मध्ये फोम भरलेला असतो. बाहेरच्या थराला चीर गेली की पाणी फोममध्ये मुरतं, आत एक थेंबही दिसत नाही, आणि होडी महिन्या-दोन महिन्यांत जड होत जाते. दोघांनी उचलली जाणारी होडी चौघांना उचलेना झाली, तर गळती आहे असंच समजावं. तळाला किंवा मागच्या फळीला एखादं बारीक छिद्र पाडून पाणी येतं का बघतात, आणि होडी कलती ठेवून बरेच दिवस निथळू देतात.

ज्या पाण्यावर या होड्या चालतात ते अडवणारी सिद्धेश्वर, येलदरी आणि इसापूर ही तिन्ही धरणं मुख्यतः मातीची आहेत, आणि त्यांच्या पाझरावर नजर ठेवण्याची रीत याच जातीची आहे. मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपतंच. ते पायथ्याशी चरात गोळा करून मोजतात. तिथेही पाणी जिथे बाहेर पडतं तिथे ते भिंतीत शिरलेलं नसतं. म्हणून किती पाणी आलं याइतकंच ते कसं आलं हे बघतात. स्वच्छ पाझर धरणाच्या पातळीबरोबर वाढतो आणि कमी होतो. तोच पाझर गढूळ झाला, तर पाणी येताना भिंतीतली माती बरोबर घेऊन येतंय आणि आत वाट पाडतंय. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, त्याआधी गावकऱ्यांनी तिथल्या गळतीकडे लक्ष वेधलं होतं. पाझराचा रंग बदलला तर लहान माणसाच्या तक्रारीलाही तेवढंच वजन द्यायला हवं.

दुरुस्तीनंतर होडी लगेच मासेमारीला नेऊ नये. एक फट बुजली की आतल्या पाण्याखाली झाकलेली दुसरी उघडकीस येते, आणि एकाच होडीत दोन-तीन ठिकाणी गळती असणं नेहमीचंच. काठाजवळ, कमरेइतक्या पाण्यात होडी बांधावी. माणसांच्या वजनाइतके पाण्याने भरलेले कॅन तिच्यात ठेवावे, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. दर वेळी काठीवर खूण करावी आणि पहिल्या रात्रीच्या खुणेशी ताडून बघावी. अशा दोन रात्री काठी कोरडी राहिली की मग जाळं आत घ्यावं. तरी पहिले काही दिवस उपसायचा डबा आणि भुशाची पिशवी हाताशी असावी, आणि लाइफ जॅकेट बाकाखाली न ठेवता अंगात घालावं.